धातुकामासाठी वस्तूची निवड : ओळंब्याचे उदाहरण

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



शाळेत धातुकामाचा एखादा प्रकल्प घ्यावयाचा ठरला की, पहिली चौकशी सामान्यतः साधनांची होते. कानशी किती आहेत, व्हाइस आहे काय, जवळपास लेथ कोणाकडे आहे, असे प्रश्न निघतात. वास्तविक त्यापूर्वीचा प्रश्न निराळाच आहे. बनवावयाचे काय? वस्तूची निवड चुकली, तर उत्तम साधनेही उपयोगी पडत नाहीत. आणि निवड योग्य झाली, तर दोन कानशी व एक मोजपट्टी यांच्या बळावरही पुष्कळ शिक्षण साधते. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय वस्तूच्या निवडीपुरताच मर्यादित ठेवला आहे.

निवड चुकल्याचा परिणाम कोठे दिसतो? तो प्रदर्शनात दिसतो. मेजावर पितळेची चकचकीत तोफ किंवा छोटासा करंडक मांडलेला असतो. खाली सातवीतील किंवा आठवीतील विद्यार्थ्याचे नाव सुबक अक्षरात लिहिलेले असते. पाहुणे कौतुकाने वस्तू हातात घेतात आणि सहज विचारतात, "बाळ, यात तुला अवघड काय वाटले?" मूल गप्प उभे राहते. त्याला अवघड काही वाटलेच नव्हते, कारण त्याने काही केलेच नव्हते. वस्तू तालुक्याच्या वर्कशॉपात तयार झाली, शिक्षकाने पदरचे पैसे दिले आणि मुलाच्या वाट्याला केवळ नाव आले. या प्रसंगात शिक्षकाचा हेतू वाईट नसतो. शाळेचे नाव व्हावे, एवढीच त्याची इच्छा असते. परंतु त्या दिवशी मूल एक गोष्ट निश्चित शिकते, ती ही की, न केलेल्या कामाचे श्रेय घेता येते. हस्तोद्योगाच्या तासाने यापेक्षा मोठे नुकसान दुसरे कोणते करावे?

हाताच्या कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली गेली व डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला, आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे त्याचे रूप मांडले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शिक्षण असावे, त्यात मुलांनी स्थानिक कारागिरांच्या सहवासात काम शिकावे, अशी योजना आहे. सुतारकाम, बागकाम, मातीकाम यांच्याबरोबर धातुकामाचाही तेथे स्पष्ट उल्लेख आहे. नावे बदलत गेली, तरी प्रत्येक वेळी वर्गातील शिक्षकापुढचा प्रश्न तोच राहिला. मुलांच्या हातून नेमके काय करवून घ्यावे?

निवडीचा एक मोठा धडा आपल्याच प्रदेशातील आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे त्यांनी बनविण्यासाठी निवडले ते कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, ती अशा वस्तूंच्या बळावर. भोवतालच्या शेतकऱ्याला कशाची गरज आहे आणि आपल्या कारखान्यात काय होऊ शकते, या दोन्हींचा मेळ त्या निवडीत होता. शाळेचे काम कारखान्याच्या मानाने फारच लहान आहे. तथापि हा मेळ शाळेलाही घालावाच लागतो, आणि त्यात मुलाच्या शिक्षणाची तिसरी बाजू जोडावी लागते.

या दृष्टीने वस्तू निवडताना पुढील पाच कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी गरजेची. वस्तू गावातील कोणीतरी खरोखर वापरणारा असावा. वापरणारा असला की परीक्षक आपोआप मिळतो.

दुसरी कसोटी भारवाहीपणाची. वस्तू मोडली तर कोणाला इजा होईल काय, हे पाहावे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन, झोपाळ्याची कडी, विहिरीवरच्या रहाटाचा आस या वस्तू गरजेच्या खऱ्या. परंतु त्यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. त्या शाळेत करू नयेत.

तिसरी कसोटी धातूची. वस्तूला लागणारा धातू साधा, ओळखीचा व कापण्यास सोपा असावा. उदाहरणार्थ, हातोडी ही शिकाऊ कामगारांची आवडती वस्तू आहे. परंतु हातोडीच्या तोंडाला कठीणपणा द्यावा लागतो. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कार्बन कमी असल्याने ते तापवून विझविले तरी पुरेसे कठीण होत नाही. आणि अधिक कार्बनचे पोलाद घेऊन पाणी देण्यात चूक झाली, तर ठोकताना त्याचा कपचा उडून डोळ्यात जाण्याचा संभव असतो. प्राथमिक शाळेने या वाटेस जाऊ नये.

चौथी कसोटी वाट्याची. कामाचे असे भाग पडावेत की, त्यांतील निश्चित भाग मुलांच्या हाताने पुरा होईल. सगळेच काम यंत्रावरचे असेल, तर मूल प्रेक्षक उरते.

पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. वस्तू बरोबर झाली की चुकली, हे त्या वस्तूनेच सांगावे. पेपरवेट घ्या. तो थोडा तिरपा झाला, एक मिलिमीटर कमी झाला, तरी कागद दाबून ठेवतोच. त्याच्यापुढे मुलाची चूक लपून राहते. मग 'छान झाले' किंवा 'छान झाले नाही' हे शिक्षकाच्या मर्जीवर ठरते. याउलट जी वस्तू चुकीच्या मापाला लगेच बोलून दाखविते, तिच्यापुढे शिक्षकाचा लाडका आणि नावडता असा भेद राहत नाही.

या पाचही कसोट्यांना उतरणारी एक वस्तू प्रत्येक गावात गवंड्याच्या थैलीत असते. ती म्हणजे ओळंबा.

ओळंब्याचे तीन भाग असतात. खाली टोकदार धातूचा गोळा, वर एक चकती आणि दोहोंना जोडणारी दोरी. चकतीच्या बरोबर मध्यावर छिद्र असते व त्यातून दोरी सरकते. गवंडी चकतीची कड भिंतीला टेकवितो व गोळा खाली सोडतो. चकतीचा व्यास आणि गोळ्याचा व्यास सारखा असल्याने भिंत सरळ असेल तर गोळा भिंतीला निसटता स्पर्श करून लोंबतो. गोळा भिंतीपासून दूर राहिला, तर भिंत वरच्या अंगाला बाहेर झुकली आहे. तो भिंतीवर रेलून राहिला, तर भिंत मागे कलली आहे. एवढ्याशा साधनावर घर उभे राहते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी बरोबर असाव्या लागतात. गोळा व चकती यांचे व्यास सारखे असावेत, आणि दोरीची छिद्रे ऐन मध्यावर असावीत. मुलाला शिकवावयाची अचूकता या दोन वाक्यांत सामावलेली आहे.

आता धातू कोणता घ्यावा? ॲल्युमिनियम कापण्यास सोपे खरे, परंतु त्याचे वजन घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम एवढेच भरते. अशा हलक्या गोळ्याला वारा सहज हलवितो. पितळेचे वजन घन सेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम, ते गंजत नाही आणि लेथवर सुरेख कापले जाते. पण ते महाग आहे, शिवाय लेथकामासाठी मिळणाऱ्या पितळेत थोडे शिसे असते, म्हणून ते हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त पाळावी लागते. माइल्ड स्टीलचे वजन ७.८५ ग्रॅम, किंमत बेताची आणि उपलब्धता सर्वत्र. शाळेने हेच घ्यावे. गंज येऊ नये म्हणून शेवटी तेलाचा हात फिरविला म्हणजे झाले. भंगारातील तुकडा घेण्याचा मोह होतो; परंतु भंगारातील दांडा एखाद्या जुन्या कठीण आसाचा असला, तर करवतीची पाती मोडतात व मुलांचा उत्साहही मोडतो. वर्कशॉपातून ३२ मिलिमीटर व्यासाच्या नव्या सळईचा १२० मिलिमीटर लांबीचा तुकडा मागावा. त्याचे वजन सुमारे पाऊण किलो भरते.

उदाहरणादाखल आठवीपर्यंतची एखादी शाळा डोळ्यांपुढे आणावी. तालुक्याच्या गावी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे किंवा रस्त्यावर दुरुस्तीचे एखादे वर्कशॉप आहे. शाळेत मात्र एक व्हाइस, करवत, दोन कानशी, सेंटर पंच, हातोडी व व्हर्निअर कॅलिपर एवढेच साहित्य आहे. अशा शाळेत काम कसे चालावे?

आरंभ गवंड्यापासून करावा. गावातील गवंडीकाकांना वर्गात बोलवावे व त्यांचा ओळंबा मुलांना हाताळू द्यावा. मुलांनी त्याचे माप घ्यावे, वजन करावे आणि 'काका, हा केव्हा फसवतो?' असे त्यांना विचारावे. गवंडी पुष्कळ गोष्टी सांगेल. वारा असताना गोळा पाण्याच्या बादलीत सोडला की लवकर स्थिर होतो, ही युक्ती त्याच्याकडूनच कळावी. ज्याने आयुष्यभर भिंती उभ्या केल्या, त्याला गुरुजींच्या शेजारी उभे राहून बोलताना मुले पाहतात, हाही शिक्षणाचाच भाग आहे. वर्गात त्याचे किंवा लोहाराचे मूल बसलेले असेल, तर त्या मुलाच्या मनात त्या दिवशी काय घडते, याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नसली तरी ती आयुष्यभर राहते.

त्यानंतर रेखाटन. गोळ्याचा वरचा भाग दंडगोल, व्यास ३० मिलिमीटर, लांबी ४० मिलिमीटर. खालचा भाग शंकू, तळाचा व्यास ३० व उंची ३० मिलिमीटर. वरच्या टोकातून मध्यावर ३ मिलिमीटरचे उभे छिद्र १२ मिलिमीटर खोल. त्याच खोलीवर ६ मिलिमीटरचे आडवे छिद्र आरपार. दोरी उभ्या छिद्रातून खाली उतरते व तिची गाठ आडव्या छिद्रात बसते. आडवे छिद्र आरपार का? एकाच बाजूने पाडले, तर तेवढे लोखंड त्या बाजूचे कमी होईल व गोळा एकीकडे कलेल. हे कारण मुलांकडूनच काढवून घ्यावे.

या रेखाटनात पुष्कळ गणित भरलेले आहे. दंडगोलाचे घनफळ २८.२७ घन सेंटिमीटर, शंकूचे ७.०७, एकूण ३५.३४. त्यास ७.८५ ने गुणल्यास २७७ ग्रॅम होतात. छिद्रांचे सुमारे ७ ग्रॅम वजा करून तयार गोळा २७० ग्रॅमचा असावा. आता ज्यातून तो काढावयाचा, त्या ७० मिलिमीटर लांब व ३२ मिलिमीटर व्यासाच्या कच्च्या तुकड्याचे वजन काढल्यास ते ४४२ ग्रॅम येते. म्हणजे १७२ ग्रॅम, शेकडा सुमारे ३९ भाग, कीस होऊन जाणार. वस्तूची किंमत केवळ तिच्या वजनावर का ठरत नाही, हे यावरून मुलांना कळते. काम झाल्यावर गोळा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावा. आकडा २७० च्या जवळ आला की, सूत्रावरचा मुलांचा विश्वास पुस्तकाच्या आधारावर राहत नाही, तो काट्यावर उभा राहतो.

शंकूचा उतार किती अंशांचा, हेही त्रिकोणमितीवाचून काढता येते. १५ मिलिमीटर पाया व ३० मिलिमीटर उंची यांचा काटकोन त्रिकोण दहापट मोठा काढावा व कोनमापकाने शेंड्याचा कोन मोजावा. तो साडेसव्वीस अंशांच्या आसपास येतो. लेथचालक हत्याराची सरक तेवढ्याच अंशांवर फिरवितो. मुलाने मोजलेला आकडा यंत्रावर प्रत्यक्ष वापरला जातो, हे त्याने पाहावे.

यंत्राच्या गतीचा हिशेबही असाच सोपा आहे. हाय-स्पीड स्टीलच्या हत्याराने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला सुमारे २५ मीटर ही बेताची कापगती धरतात. ३२ मिलिमीटर व्यासाच्या सळईचा परीघ जवळजवळ १० सेंटिमीटर. म्हणून २५ मीटरसाठी सळईने मिनिटाला सुमारे २५० फेरे घ्यावेत. हे गणित मुले तोंडी करतात. लेथजवळ गेल्यावर यंत्राच्या तक्त्यातील सर्वांत जवळची गती कोणती, ते त्यांनी शोधावे.

यानंतर कामाची वाटणी. या बाबतीत शिक्षकाने संदेह ठेवू नये. चौदा वर्षांखालील मुलाने विजेवर चालणाऱ्या लेथला हात लावू नये. गोळा लेथचालक करील. मुले त्याचे रेखाटन करतील, मापे तपासतील व काम पाहतील. चकती मात्र सर्वस्वी मुलांनी करावी. तिचे छिद्र तेवढे वडीलधाऱ्याने पाडावे.

लेथवरील क्रम असा ठेवावा. सळई चकमध्ये धरून पुढचे तोंड सपाट करावे, त्याच धरणीत उभे छिद्र पाडावे व बाहेरचा व्यास ३० मिलिमीटरपर्यंत सलग उतरवावा. ही उतरवणी गोळ्याच्या लांबीपुरती न थांबविता आणखी वीस मिलिमीटर पुढे न्यावी, कारण चकती याच भागातून काढावयाची आहे. एकाच सळईतून, एकाच धरणीत दोन्ही निघाल्याने त्यांचे व्यास आपोआप सारखे होतात. दोन वेगळे तुकडे करून ते जुळवीत बसण्यापेक्षा ही युक्ती कितीतरी चांगली. कुशल कारागीर जेथे जमेल तेथे असेच करतो. मग गोळ्याचा तुकडा वेगळा करून, उलटा धरून शंकू उतरवावा. उलटा धरताना जुना मध्य व नवा मध्य यांत किंचित फरक पडू शकतो. तो पडला की नाही, हे पुढे ओळंबाच सांगेल. टोक सुईसारखे तीक्ष्ण न ठेवता किंचित बोथट करावे. शेवटी आडवे छिद्र ड्रिलयंत्रावर, अर्थात लेथचालकाने, पाडावे.

काम पाहण्यास जाताना मुलांना सहा-सहाच्या गटाने न्यावे व यंत्रापासून दोन पावलांवर खडूची रेघ ओढून तिच्यामागे उभे करावे. ओढणी, सैल बाही, गळ्यातील दोरा, हातातील गंडा व बांगड्या यांचा बंदोबस्त आधी करावा. लांब केस बांधलेले असावेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्यावाचून कोणीही, शिक्षकानेसुद्धा, जवळ जाऊ नये. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नयेत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. कीस दिसावयास रेशमासारखा, पण धार सुरीची. त्यास हात लावू नये. चकची चावी चकमध्ये राहिली नाही ना, हे यंत्र सुरू करण्यापूर्वी लेथचालक कसे पाहतो, तेवढे मुलांना मुद्दाम दाखवावे. ज्या वर्कशॉपात या गोष्टी पाळल्या जात नाहीत, तेथे मुलांना नेऊ नये, दुसरे शोधावे.

शाळेत परतल्यावर चकतीचे काम. उरलेल्या तुकड्यातून दहा मिलिमीटरची काप करवतीने काढावी. तीस मिलिमीटर जाडीचे लोखंड हाताने कापणे मुलाला एकट्याने झेपत नाही. पाळीपाळीने करावे. करवत पुढे ढकलताना दाब, मागे घेताना सैल हात, हे एकदा हातात बसले की पाते मोडत नाही. मग दोन्ही तोंडे कानसून जाडी आठ मिलिमीटरवर आणावी. कानशीला मूठ बसविलेली असल्याखेरीज ती मुलाच्या हाती देऊ नये. चकतीच्या गोल कडेला मात्र कानस लावू नये, कारण तेथेच तिचे माप आहे.

मध्य शोधणे हे चकतीचे मर्म आहे. कागदावर चकती ठेवून वर्तुळ आखावे, त्यात दोन जीवा काढाव्यात व त्यांचे लंबदुभाजक जेथे छेदतील तो मध्य. कागद कापून चकतीवर बसवावा व मध्यावर सेंटर पंचाची खूण करावी. भूमितीच्या पुस्तकातील प्रमेय येथे लोखंडावर उमटते. छिद्र दोरीला बेताचे असावे. सैल झाले, तर दोरी एका बाजूला सरकून मध्य बिघडतो.

आता परीक्षा. गोळा छतापासून टांगावा व खाली कागद ठेवावा. तो स्थिर झाला की टोकाखाली बिंदू काढावा. मग हलकेच अर्धा फेरा फिरवून पुन्हा स्थिर करावा व पुन्हा बिंदू काढावा. दोन्ही बिंदू एकच आले, तर गोळा खरा. दोन बिंदूंत दोन मिलिमीटर अंतर पडले, तर टोक मध्यापासून एक मिलिमीटर ढळले आहे. चकतीचीही हीच परीक्षा. चकती भिंतीशी टेकवून गोळ्याची स्थिती पाहावी. नंतर चकती अर्धा फेरा फिरवून पुन्हा टेकवावी. गोळा भिंतीच्या जवळ आला किंवा दूर गेला, तर छिद्र मध्यावर नाही, आणि फरकाच्या निम्मी चूक आहे.

येथे एक तत्त्व हाती लागते व ते साऱ्या धातुकामात उपयोगी पडते. साधन उलटून पाहिले की त्याची चूक दुप्पट होऊन दिसते. एक मिलिमीटरची चूक डोळ्याला दिसली नसती, ती दोन मिलिमीटर होऊन समोर येते. जेथे लेथ मुळीच मिळण्यासारखा नाही, तेथे हेच तत्त्व धरून दुसरी वस्तू निवडावी. लोखंडी पट्टीचा सुतारी गुण्या हे त्याचे चांगले उदाहरण. फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ ओढावी, गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर कोन काटकोन; फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक. त्यास केवळ करवत व कानस पुरे.

परीक्षेनंतर ओळंबा वापरात आणावा. शाळेच्या दाराची चौकट, फळा, ध्वजस्तंभ यांना तो लावावा. विज्ञानाच्या तासाला दोरी टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एक मीटर लांब ठेवून बारीक झोका द्यावा. दहा पूर्ण आंदोलनांना जवळजवळ वीस सेकंद लागतात. शेवटी तो गवंडीकाकांना आठवडाभर कामावर वापरावयास द्यावा व त्यांचे मत मुलांनी लिहून घ्यावे. त्यांनी 'चकतीचे भोक थोडे हुकले आहे' असे सांगितले, तर ते वाक्य वहीत जसेच्या तसे उतरावे. मुलांनी दुसरी चकती करावी. पहिली फेकू नये. दोन्ही शेजारी ठेवाव्यात.

प्रदर्शनाची वेळ आली म्हणजे मेजावर ओळंबा, दोन्ही चकत्या, रेखाटन, वजनाचा हिशेब आणि गवंड्याचे मत एवढे मांडावे. खाली पाटीवर खरे ते लिहावे : 'लेथकाम व छिद्रे – कारागीर, रेखाटन, मापन, गणित, चकती व परीक्षा – विद्यार्थी.' कारागिराचे नाव त्याच्या संमतीने लिहावे. शेजारी दुसऱ्या शाळेची पितळी तोफ अधिक चकाकेल, कदाचित बक्षीसही तिला मिळेल. शिक्षकाने त्याची खंत करू नये. पाहुण्यांनी तोच प्रश्न विचारल्यावर या मेजापाशी उभी असलेली मुलगी हुकलेली चकती हातात घेईल आणि सांगेल, "अवघड हे होते. भोक एक मिलिमीटर चुकले होते. आम्ही ते फिरवून शोधले."

हे उत्तर ज्या वस्तूतून मिळेल, ती वस्तू निवडावी.